डिस्पर्शन मॉडेलच्या रनला इतका वेळ का लागतो आणि उत्तर न बिघडवता तो कसा कमी करावा

हवा प्रदूषणाच्या डिस्पर्शन मॉडेलिंगमध्ये, म्हणजे स्रोतातून निघालेले प्रदूषण हवेत कसे पसरते आणि कुठे किती पोहोचते याच्या संगणकीय गणनेत, रन लांबला आणि अहवालाची तारीख जवळ आली की घाईने दोनच उपाय केले जातात. रिसेप्टरचे, म्हणजे ज्या बिंदूंवर तीव्रता काढायची त्यांचे, जाळे विरळ केले जाते, किंवा पाच वर्षांऐवजी एकाच वर्षाचे हवामान घेतले जाते. दोन्ही उपायांनी वेळ वाचतो, पण दोन्हींनी उत्तरही बदलते, आणि ज्या वस्तीवर कमाल तीव्रता पडणार होती ती वस्ती जाळ्याच्या दोन बिंदूंमध्ये हरवू शकते. म्हणून आधी रनचा वेळ कोणत्या गोष्टींच्या गुणाकारातून तयार होतो हे समजून घ्यावे, मग त्यांतील ज्या गोष्टी उत्तराला काहीच देत नाहीत त्या प्रथम काढाव्यात, आणि उत्तराला हात लावणारी काटछाट अगदी शेवटी, तीही नोंद करून करावी. हा क्रम पाळला तर बहुतेक प्रकल्पांत शेवटच्या टप्प्यापर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

या लेखात मुख्य भर एरमॉडवर आहे, कारण स्थिर अवस्थेतील (एका तासापुरते हवामान न बदलणारे मानणाऱ्या) गाऊशियन लोटाच्या, म्हणजे धुराचा पसरता पट्टा घंटाकृती वितरणाचा धरणाऱ्या, मॉडेलांमध्ये ते सर्वाधिक वापरले जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००५ साली आयएससीएसटी३ या जुन्या मॉडेलच्या जागी त्याला मान्यता दिली. कॅलपफसारखी पफ मॉडेले (प्रदूषण सुट्या पुंजक्यांत मोजणारी), कण-मॉडेले (असंख्य कणांचा माग काढणारी) आणि सीमॅकसारखी ग्रिड मॉडेले (हवेचे चौकटींत विभाजन करणारी) यांचा हिशोब वेगळा असतो. त्यांच्याकडे लेखाच्या उत्तरार्धात येऊ.

पहिली पायरी: गुणाकार कागदावर मांडा

एरमॉड प्रत्येक तासासाठी, प्रत्येक स्रोताकडून, प्रत्येक रिसेप्टरवर पोहोचणारी तीव्रता स्वतंत्रपणे काढते. म्हणून मूळ हिशोब सरळ आहे: तास गुणिले स्रोत गुणिले रिसेप्टर. एका वर्षात ८,७६० तास असतात आणि एक लीप वर्ष धरून पाच वर्षांत ४३,८२४.

एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात १२ चिमण्या आहेत, उघड्यावर साठवलेल्या मालाचे ३ ढीग क्षेत्र-स्रोत (पृष्ठभागभर पसरलेले स्रोत) म्हणून दाखवले आहेत आणि ट्रकच्या वाहतुकीचा २ किलोमीटर लांबीचा कच्चा रस्ता आहे. हा दुपदरी रस्ता ९ मीटर रुंद आहे. अशा रस्त्यावरच्या धुळीचा लोट रस्त्याच्या रुंदीपेक्षा ६ मीटर जास्त रुंद धरण्याची प्रचलित पद्धत आहे, म्हणजे लोटाची रुंदी १५ मीटर झाली. रस्ता दाखवण्यासाठी एकमेकांना लागून घनफळ-स्रोत (लांबी, रुंदी आणि उंची असलेले ठोकळ्यासारखे स्रोत) मांडले तर साधारण १३३ स्रोत होतात. चिमण्या आणि ढीग धरून एकूण १४८. आता २० किलोमीटर बाजूच्या चौरसात दर १०० मीटरवर रिसेप्टर ठेवले तर २०१ गुणिले २०१, म्हणजे ४०,४०१ रिसेप्टर होतात. तिन्हींचा गुणाकार २६,२०० कोटींच्या घरात जातो. प्रत्येक गणना सेकंदाच्या कितीही लहान अंशात होत असली, तरी या आकड्यापुढे तो अंश मोठा ठरतो.

हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी काढावा. रन सुरू केल्यावर पडद्यावर दिवसाचा क्रमांक हळूहळू पुढे सरकताना पाहून वेळेचा अंदाज बांधणे ही उशिरा आलेली जाग असते.

मात्र सगळ्या गणना सारख्या वजनाच्या नसतात. एखादी गणना क्षणात होते, तर एखादीत आत आणखी एक मोठी पुनरावृत्ती दडलेली असते. म्हणून गुणाकारानंतर प्रत्येक घटकाचे वजन पाहावे लागते.

दुसरी पायरी: रिसेप्टरचे जाळे नीट आखा

वेळ वाचवण्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत निर्धोक जागा हीच आहे. जाळ्याचे अंतर निम्मे केले की बिंदू जवळजवळ चौपट होतात. वरच्याच चौरसात १०० ऐवजी ५० मीटर अंतर घेतले तर रिसेप्टर १,६०,८०१ होतात. पण स्रोतापासून ९ किलोमीटरवर तीव्रता १०० मीटरच्या अंतराने फारशी बदलत नाही, कारण तिथपर्यंत लोट रुंद झालेला असतो. जवळ मात्र ती झपाट्याने बदलते. म्हणून एकसारखे जाळे जिथे नको तिथे दाट असते आणि कुंपणाजवळ, जिथे खरी गरज असते, तिथे पुरेसे दाट नसते.

त्याऐवजी पायरी-पायरीने विरळ होणारे जाळे घ्या. केंद्रापासून प्रत्येक बाजूस २ किलोमीटरपर्यंत १०० मीटर, तिथून ५ किलोमीटरपर्यंत २५० मीटर आणि पुढे १० किलोमीटरपर्यंत ५०० मीटर. पहिल्या थरात १,६८१ रिसेप्टर येतात. दुसऱ्या थरातून आतले एकमेकांवर पडणारे बिंदू वगळले की १,३९२ उरतात आणि तिसऱ्यात १,२४०. एकूण ४,३१३. तोच २० किलोमीटरचा चौरस, पण काम नऊपटींहून अधिक घटले. वाचलेल्या वेळातील थोडा भाग कुंपणरेषेवर दर ५० मीटरला रिसेप्टर ठेवण्यासाठी खर्च करावा, कारण जमिनीलगतच्या धुळीच्या स्रोतांची कमाल तीव्रता बहुधा तिथेच सापडते.

थरांच्या सीमेवर एकाच जागी दोनदा आलेले रिसेप्टर काढायला विसरू नका. कारखान्याच्या स्वतःच्या आवारातील बिंदूंचाही, नियम परवानगी देत असतील तर, विचार करा. स्रोतापासून ५० किलोमीटरच्या पलीकडे रिसेप्टर ठेवण्यात अर्थ नाही, कारण स्थिर अवस्थेच्या लोटाचे गृहीतक तिथे टिकत नाही.

शाळा, रुग्णालये आणि वस्त्या यांच्या जागी स्वतंत्र बिंदू ठेवावेत आणि वेळेसाठी त्यांना कधीही हात लावू नये. ते बिंदू संख्येने थोडे असतात, त्यांनी रन लांबत नाही, आणि सगळे मॉडेलिंग ज्यांच्यासाठी करायचे ती माणसे तिथेच राहतात.

आणखी एक चांगली पद्धत म्हणजे दोन फेऱ्यांत काम करणे. पहिली फेरी विरळ जाळ्यावर करावी, त्यातून कमाल तीव्रतेची ठिकाणे ओळखावीत आणि दुसऱ्या फेरीत फक्त त्यांच्याभोवती ५० मीटरचे किंवा त्याहून दाट जाळे टाकावे. एक अट मात्र आहे: पहिल्या फेरीचे जाळे इतके विरळ नसावे की एखादे शिखर पूर्णपणे निसटेल. डोंगराळ भागात ही शक्यता खरी असते, कारण तिथे कमाल तीव्रता एखाद्या उताराच्या अरुंद पट्ट्यावर येऊ शकते.

तिसरी पायरी: स्रोतांचे प्रकार तपासा

चिमणीसारख्या बिंदू-स्रोताची गणना एका सूत्रमालिकेतून होते. घनफळ-स्रोतही आभासी बिंदू-स्रोतासारखा हाताळला जातो, म्हणून तो स्वस्त पडतो. क्षेत्र-स्रोताचे तसे नाही. त्याच्या पृष्ठभागावर संख्यात्मक समाकलन करावे लागते, म्हणजे प्रत्येक तासाला प्रत्येक रिसेप्टरसाठी त्या क्षेत्राचे अनेक तुकड्यांतील योगदान काढून उत्तर स्थिर होईपर्यंत बेरीज केली जाते. यामुळे एक क्षेत्र-स्रोत अनेक चिमण्यांइतका वेळ खाऊ शकतो. खाणीच्या खड्ड्याचा आणि रेषा-स्रोताचा प्रकारही आतून याच गणितावर चालतो.

बहुकोनी क्षेत्राच्या बाबतीत एक साधी गोष्ट सर्रास राहून जाते. उपग्रह-चित्रावरून ढिगाची किंवा तलावाची कड गिरवताना चाळीस-पन्नास शिरोबिंदू सहज पडतात. हवेतील तीव्रतेवर त्या वळणावळणाच्या कडेचा परिणाम नगण्य असतो, पण समाकलनाला प्रत्येक बाजू हिशोबात घ्यावी लागते. तोच आकार सहा-आठ शिरोबिंदूंत बसवावा, क्षेत्रफळ मूळ आकाराइतकेच राहते याची खात्री करावी आणि उत्सर्जनाचा एकूण दर जुळवून पाहावा. वर्तुळाकार क्षेत्रही मॉडेल आत बहुकोनातच रूपांतरित करते, हे लक्षात असू द्या.

रस्त्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपल्या उदाहरणातील १३३ लागून मांडलेल्या घनफळ-स्रोतांऐवजी एकाआड एक, म्हणजे दुप्पट अंतरावर, स्रोत ठेवले आणि आरंभीची रुंदी त्या अंतराप्रमाणे वाढवली तर स्रोत ६७ वर येतात. ही मांडणी मान्य पद्धतीत बसते. मात्र घनफळ-स्रोताच्या अगदी जवळ एक वर्ज्य पट्टा असतो, ज्यात आलेल्या रिसेप्टरवर एरमॉड त्या स्रोताची तीव्रता काढतच नाही. आरंभीची रुंदी वाढवली की हा पट्टाही वाढतो. रस्त्याला खेटून घरे असतील तर त्या भागापुरते क्षेत्र-स्रोत वापरणेच योग्य, मग वेळ कितीही लागो. उरलेल्या, वस्तीपासून दूरच्या रस्त्यावर घनफळ-स्रोत चालतात.

आता गुणाकार पुन्हा पाहा: १२ चिमण्या, ६७ रस्त्याचे स्रोत, ३ ढीग, म्हणजे ८२ स्रोत. ४,३१३ रिसेप्टर आणि तेच ४३,८२४ तास. आकडा २६,२०० कोटींवरून १,५५० कोटींवर आला, म्हणजे जवळजवळ सतरापट घट. हवामानाचा एकही तास कमी केलेला नाही आणि एकही वस्ती वगळलेली नाही.

अगदी जवळजवळ असलेल्या, सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच धुराच्या चिमण्या एकत्र करून एक प्रतिनिधी चिमणी धरण्याची पद्धतही आहे, पण ती उत्तराला स्पर्श करते, म्हणून ती नवव्या पायरीतील शेवटच्या पर्यायांत धरावी.

चौथी पायरी: मॉडेलच्या आतल्या भौतिकशास्त्राची किंमत ओळखा

आयएससीएसटी३ वापरलेल्या माणसाला एरमॉड मंद वाटते. त्याची कारणे मॉडेलच्या विज्ञानातच आहेत. जुने मॉडेल वाऱ्याच्या वरच्या बाजूचे रिसेप्टर सरळ सोडून देत असे. एरमॉड मंद वाऱ्यात लोटाचे आडवे भरकटणे हिशोबात घेते, त्यामुळे बिंदू आणि घनफळ-स्रोतांसाठी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या रिसेप्टरवरही गणना करावी लागते. शिवाय वारा आणि हवेतील खळबळ (टर्ब्युलन्स) उंचीनुसार बदलते असे ते मानते आणि लोट व रिसेप्टर यांच्या दरम्यानच्या थरातील सरासरी मूल्ये अंतरागणिक पुन्हा काढते.

तासागणिकही फरक पडतो. रात्रीच्या स्थिर हवेत एकच लोट हाताळला जातो. उन्हाने तापलेल्या अस्थिर थरात मात्र थेट खाली येणारा, मिश्रण-थराच्या छताला लागून परतणारा आणि छत भेदून वर गेलेला असे तीन लोट वेगळे मोजावे लागतात. त्यामुळे ज्या ऋतूत दिवस मोठे आणि ऊन प्रखर असते त्या ऋतूचे दिवस रनमध्ये अधिक वेळ घेऊ शकतात. चाचणी-रन कोणत्या महिन्याचा घ्यायचा हे ठरवताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

वारा शांत असलेल्या आणि हवामानाची नोंद नसलेल्या तासांना एरमॉड गणनाच करत नाही. एका मिनिटाच्या वाऱ्याच्या नोंदी वापरून असे शांत तास भरून काढले की रन लांबतो. तरीही ते करावे, कारण मंद वाऱ्याचे तेच तास जमिनीलगतच्या स्रोतांसाठी बहुधा सर्वांत वाईट असतात.

भूप्रदेश उंचसखल असेल तर प्रत्येक रिसेप्टरवर लोटाच्या दोन टोकाच्या अवस्था मोजल्या जातात. एकीत लोट आडवा सरळ जातो, दुसरीत तो जमिनीच्या चढउताराप्रमाणे वर उचलला जातो, आणि दोन्हींची भारित बेरीज होते. जमीन खरोखर सपाट असेल तर सपाट प्रदेशाचा पर्याय निवडून हे काम टाळता येते. त्याशिवाय एरमॅप हा उंची काढणारा पूर्वप्रक्रिया कार्यक्रम स्वतंत्र वेळ घेतो, कारण प्रत्येक रिसेप्टरसाठी तो आसपासच्या उंचीच्या बिंदूंचा शोध घेतो. उंचीच्या माहितीचा परिसर गरजेपेक्षा फार मोठा दिला की हा शोध विनाकारण लांबतो. पण तो इतका लहानही नको की मोठा डोंगर बाहेर राहील.

इमारतींच्या आडोशामुळे लोट खाली ओढला जाण्याची गणना बरीच महाग आहे. प्राइम नावाची ही पद्धत लोटाची वाट इमारतीभोवतीच्या प्रवाहरेषांवरून पायरीपायरीने काढते, आणि आडोशाच्या सीमेजवळ प्राइमचे व नेहमीचे अशी दोन्ही उत्तरे काढून त्यांचे मिश्रण करते. इमारतींची मापे १० अंशांच्या फरकाने ३६ दिशांसाठी दिली जातात. ज्या दिशेला इमारतीचा परिणाम नाही तिथे हे काम होत नाही. म्हणून आवारातील प्रत्येक शेड, प्रत्येक टाकी पूर्वप्रक्रियेत टाकण्याआधी ती एखाद्या चिमणीवर परिणाम करण्याइतकी जवळ आणि उंच आहे का हे पाहावे. परिणाम करणारी इमारत मात्र वेळेसाठी वगळणे ही उघड चूक आहे.

कणांच्या निक्षेपाची, म्हणजे ते जमिनीवर बसण्याची, गणना मागितली तर प्रत्येक आकारगटासाठी खाली बसण्याचा वेग वेगळा काढावा लागतो, त्यामुळे गट वाढले तसा वेळ वाढतो. जिथे फक्त हवेतील तीव्रता हवी आहे तिथे निक्षेप चालू ठेवण्याचे कारण नसते.

नायट्रोजन डायऑक्साइड हा सगळ्यांत जड विषय, कारण उत्सर्जित नायट्रोजन ऑक्साइडचा किती भाग ओझोनमुळे त्यात बदलतो हेही काढावे लागते. त्यासाठी एकाहून अधिक पद्धती आहेत. एआरएम२ पद्धतीत एकूण नायट्रोजन ऑक्साइडच्या तीव्रतेला एक गुणोत्तर लावले जाते, तिचा वेळेवर भार जवळजवळ पडत नाही. पीव्हीएमआरएम पद्धतीत मात्र प्रत्येक तासाला प्रत्येक रिसेप्टरसाठी प्रमुख स्रोत शोधून, लोटाचे आकारमान आणि त्यात मिसळलेला ओझोन यांचा हिशोब करावा लागतो, आणि स्रोत जास्त असतील तर रन अनेक पटींनी लांबतो. म्हणून आधी एआरएम२ चालवावे. त्यातच मर्यादेच्या आत येत असेल तर पुढे जायची गरज नाही. ओलांडत असेल तर पीव्हीएमआरएम फक्त ज्या रिसेप्टरवर ओलांडले त्यांच्यापुरते चालवावे. तिथे रिसेप्टर कमी करता येतात, स्रोत नाहीत, कारण ओझोनची वाटणी सगळ्या स्रोतांत मिळून होते.

पाचवी पायरी: एकदा काढलेले पुन्हा काढू नका

रसायनक्रिया नसलेल्या प्रदूषकासाठी तीव्रता उत्सर्जनदराच्या सरळ प्रमाणात असते. मग धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठी, आणि उत्सर्जनाच्या चार वेगवेगळ्या पर्यायांसाठी, तोच रन पुन्हा पुन्हा लावण्याचे कारण काय? प्रत्येक स्रोताला सेकंदाला १ ग्रॅम असा एकक दर द्या, प्रत्येकाचा स्वतंत्र गट करा, तासागणिक निकाल साठवा आणि पुढचे सगळे पर्याय गुणाकार-बेरजेने काढा. मुख्य रन एकदाच होतो. आराखडा वारंवार बदलणाऱ्या प्रकल्पात याने आठवडे वाचतात.

याच्या मर्यादा पक्क्या ध्यानात ठेवा. चिमणीची उंची, धुराचे तापमान किंवा वेग बदलला तर लोटाची वाट बदलते आणि नवा रन लागतोच. निक्षेप मोजताना कणांच्या आकाराचे वाटप बदलले तरी तेच. नायट्रोजन डायऑक्साइडसाठीच्या पीव्हीएमआरएम किंवा ओएलएमसारख्या, ओझोनवर चालणाऱ्या पद्धतींत हे प्रमाण टिकत नाही. आणि प्रत्येक स्रोताची कमाल तीव्रता घेऊन त्यांची बेरीज करू नये, कारण त्या कमाल तीव्रता वेगवेगळ्या तासांच्या असतात. बेरीज तासागणिकच झाली पाहिजे.

उत्सर्जन तासागणिक बदलत असेल तर शून्य उत्सर्जनाच्या तासांत त्या स्रोताची गणना होत नाही. फक्त दिवसपाळीत चालणाऱ्या कामाला चोवीस तास चालू दाखवणे यामुळे दुहेरी नुकसान करते: उत्तर चुकते आणि वेळही वाया जातो. मात्र तासागणिक उत्सर्जनाची वेगळी फाइल दिली तर ती वाचण्याचाही खर्च असतो. १,००० स्रोतांसाठी एका वर्षाच्या त्या फाइलमध्ये ८७ लाख ६० हजार ओळी होतात. नियमित वेळापत्रक असेल तर तासाच्या गुणकांचा अंगभूत पर्याय हलका पडतो.

सहावी पायरी: काय लिहून घ्यायचे ते ठरवा

गणना झटपट होऊनही रन रेंगाळत असेल तर लिहिण्याच्या कामाकडे पाहा. आपल्या ४,३१३ रिसेप्टरच्या पाच वर्षांच्या ताशी निकालांची मजकूर-फाइल मागितली तर एका गटासाठी १८ कोटी ९० लाख ओळी होतात. प्रत्येक ओळ शंभराहून अधिक अक्षरांची असते, म्हणजे १९ जीबीच्या वर. तीच माहिती बायनरी स्वरूपात दीड जीबीच्या आसपास किंवा त्याहून कमी जागेत मावते. दहा गट असतील तर हा फरक रनच्या वेळेत स्पष्ट दिसतो.

म्हणून रोजच्या तक्त्यांचे पर्याय बंद ठेवा, ताशी फाइल खरोखर पुढे वापरायची असेल तरच मागा, आणि शक्यतो बायनरीत मागा. फाइल संगणकाच्या स्वतःच्या एसएसडीवर लिहा. नेटवर्कवरील फोल्डर, आपोआप क्लाउडवर जाणारा फोल्डर आणि प्रत्येक नवी फाइल तपासणारा अँटिव्हायरस, हे तिन्ही रनला खीळ घालतात. ज्या पर्यायात क्रमवार कमाल मूल्यांमधील प्रत्येक गटाचा वाटा अनेक क्रमांकांपर्यंत मागितला जातो, तो मर्यादा ओलांडणाऱ्या बिंदूंपुरताच वापरा, कारण त्यासाठी मॉडेल निवडक तास पुन्हा मोजते.

सातवी पायरी: काम वाटा, पण योग्य धाग्यावरून

ईपीएची एरमॉडची मूळ आवृत्ती एका वेळी प्रोसेसरचा एकच कोर वापरते. सोळा कोरच्या संगणकावर एक रन लावला तर पंधरा कोर रिकामे बसतात. त्यामुळे एका रनसाठी कोरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोरचा वेग महत्त्वाचा असतो. जास्त कोरचा उपयोग करायचा तर काम स्वतः तोडून अनेक रन एकाच वेळी लावावे लागतात. आणि ते कुठे तोडायचे यावरच उत्तराची शुद्धता अवलंबून असते.

रिसेप्टरनुसार तोडणे सर्वांत सुरक्षित आहे. एका रिसेप्टरची तीव्रता दुसऱ्यावर अवलंबून नसते, म्हणून आठ तुकड्यांचे निकाल फक्त एकाखाली एक जोडायचे असतात. सरासऱ्या, क्रमवार कमाल मूल्ये, टक्केवारीची मूल्ये, सगळे जसेच्या तसे राहते. पीव्हीएमआरएममध्येही ही वाटणी चालते, कारण प्रत्येक तुकड्यात सर्व स्रोत असतात.

वर्षानुसार तोडणेही सोयीचे आहे, पण ज्या मानकात अनेक वर्षांच्या क्रमवार (मोठ्यापासून लहान अशा क्रमातील ठरावीक क्रमांकाच्या) मूल्यांची सरासरी लागते तिथे प्रत्येक वर्षाचे प्रत्येक रिसेप्टरवरचे मूल्य साठवून सरासरी नंतर काढावी लागते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या ताशी नायट्रोजन डायऑक्साइड मानकात दररोजच्या कमाल ताशी मूल्यांचा ९८वा शतमक (ज्याच्या खाली ९८ टक्के मूल्ये येतात ते मूल्य) तीन वर्षांवर सरासरीला घेतला जातो. ही सरासरी रिसेप्टरनिहाय काढायची, मग सर्वांत मोठी निवडायची. हा क्रम उलटा केला की आकडा चुकतो.

स्रोतांनुसार तोडणे सगळ्यांत धोक्याचे. ते फक्त तासागणिक फाइल साठवली असेल तरच बेरजेत बसते, आणि ओझोनवर आधारित पद्धतींत मुळीच बसत नाही.

एकाच वेळी किती रन लावावेत? प्रत्यक्ष कोरइतके किंवा एक कमी. त्यापेक्षा जास्त लावल्यास प्रत्येक रन मंदावतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या रनसाठी हवा खेळती असलेला डेस्कटॉप बरा. विजेच्या बचतीची आणि आपोआप झोपी जाण्याची सोय बंद केली आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. मॉडेलचा मूळ फोर्ट्रान भाषेतील कोड स्वतः कंपाइल करणार असाल तर वेगाचे पर्याय लावा, आणि नंतर ईपीएच्या चाचणी-उदाहरणांवर आकडे जुळवा.

आठवी पायरी: पूर्ण रनआधी छोटी चाचणी

प्रथम मॉडेल न चालवता फक्त इनपुट तपासणारा पर्याय वापरा. एरमॉडमध्ये तो आहे आणि तो क्षणात चुका दाखवतो. अठरा तासांनंतर एका चुकीच्या तारखेने थांबलेल्या रनचा वेळ कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही.

मग तारखांची मर्यादा घालून ३० दिवसांचा रन सुमारे ५०० रिसेप्टरवर लावा. अर्धे दिवस थंड ऋतूतील आणि अर्धे उष्ण ऋतूतील घ्या. रिसेप्टर सर्व थरांतून उचला, कारण जवळच्या बिंदूंवर क्षेत्र-स्रोतांचे समाकलन अधिक वेळ घेऊ शकते. समजा याला ४० सेकंद लागले. पूर्ण कामात रिसेप्टर ८.६ पट आणि दिवस ६१ पट आहेत, म्हणजे गुणक सुमारे ५२५ आणि वेळ सुमारे ५ तास ५० मिनिटे. आठ तुकड्यांत वाटल्यास ते तासाभरात होईल. एवढ्या वेळाला कसलीही काटछाट करण्याची गरज नाही. अंदाज दहा दिवसांचा आला तर स्रोतांचे प्रकार आळीपाळीने बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्या. कोणता गट वेळ खातो ते लगेच कळते आणि बहुतेक वेळा क्षेत्र-स्रोत किंवा पीव्हीएमआरएम हेच कारण निघते.

नववी पायरी: उत्तराला स्पर्श करणारे पर्याय

इतके करूनही वेळ आवाक्यात येत नसेल तरच इथे या. एरमॉडमध्ये क्षेत्र-स्रोतांचे समाकलन जलद करणारा एक पर्याय आहे आणि दुसरा सर्व स्रोतांसाठी आहे, जो भरकटण्याची गणना सोप्या रीतीने करून वाऱ्याच्या वरच्या बाजूचे काम टाळतो. दोन्ही नियामक मान्यतेच्या मूळ पर्यायांबाहेरचे आहेत. आराखड्याच्या तुलनेसाठी ते उत्तम, पण अंतिम अहवालासाठी नियामकाची आधी संमती घ्यावी. केवळ वार्षिक सरासरी हवी असेल तर ठरावीक अंतराने तास निवडण्याचाही पर्याय आहे. त्यात अंतर २४ च्या पटीत घेऊ नये, अन्यथा रोज दिवसातला एकच तास निवडला जाईल. २५ घेतल्यास निवडलेला तास सरकत राहतो. ताशी किंवा दैनिक मानकासाठी हा पर्याय निरुपयोगी आहे.

इतर प्रकारच्या मॉडेलांचा हिशोब

कॅलपफमध्ये वेळ ठरतो तो एका क्षणी क्षेत्रात किती पफ आहेत यावरून. वारा मंद असेल तर पफ बाहेर जायला वेळ लागतो आणि ते साचतात, म्हणजे स्थिर हवेचे दिवस इथे महाग पडतात. पफचे विभाजन, रसायनक्रिया आणि त्रिमितीय हवामान-ग्रिडचा आकार यांचाही भार असतो.

कण-मॉडेलांत कणांची संख्या हाच मुख्य घटक. सांख्यिकीय अनिश्चितता कणसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून अनिश्चितता निम्मी करायला कण चौपट लागतात. जर्मनीच्या ऑस्टाल मॉडेलमध्ये गुणवत्ता-पातळी एकाने वाढवली की कण दुप्पट होतात. इथे शहाणपण असे की आधी कमी पातळीवर चालवून रिसेप्टरवरची अनिश्चितता वाचावी आणि ती मर्यादेजवळच्या बिंदूंवर खुपत असेल तरच पातळी वाढवावी.

सीमॅक किंवा वर्फ-केमसारख्या ग्रिड मॉडेलांत चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात. शिवाय १९२८ साली कुरांट, फ्रिड्रिख्स आणि लेवी यांनी मांडलेल्या स्थिरतेच्या अटीनुसार कालपायरीही, म्हणजे गणना एका वेळी जितका काळ पुढे सरकते तीही, निम्मी करावी लागते, म्हणून एकूण काम सुमारे आठपट. वर्फमध्ये चौकटीच्या किलोमीटरमधील बाजूच्या सहापट सेकंद ही कालपायरीची रूढ सुरुवात आहे. रासायनिक समीकरणे सोडवण्यात मोठा वेळ जातो, त्यामुळे रसायनक्रियेची कोणती योजना घ्यायची हा निर्णय ग्रिडइतकाच जड असतो. ही मॉडेले अनेक प्रोसेसरवर चालतात, पण कामाचा दहावा भाग जरी वाटता येत नसला तरी कितीही प्रोसेसर लावून वेग दहापटींच्या पुढे जात नाही. त्यातच शेजारच्या तुकड्यांशी माहितीची देवाणघेवाणही वाढत जाते. म्हणून ८, १६, ३२ प्रोसेसरवर एकेका दिवसाचा रन करून वेग कुठे थबकतो ते पाहावे आणि तिथेच थांबावे.

दहावी पायरी: जोडलेले निकाल पडताळा

काम तोडून केले असेल तर शेवटी मूळ सर्व रिसेप्टरमधून दहा-बारा निवडा: कमाल तीव्रतेचे दोन-तीन, कुंपणावरचे, वस्तीचे आणि प्रत्येक तुकड्यातील निदान एक. एवढ्याच बिंदूंचा, सर्व स्रोत आणि सर्व वर्षे घेऊन, एकसंध रन लावा. तो थोड्या वेळात होतो. प्रत्येक बिंदूवरचे क्रमवार मूल्य आणि त्याची तारीख-वेळ जोडलेल्या निकालाशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे. मूल्य जुळले पण तारीख जुळली नाही, तर एखाद्या तुकड्यात हवामानाची वेगळी फाइल लागली असण्याची शक्यता असते. दोन्ही जुळेपर्यंत तो आकडा अहवालात जाऊ देऊ नये.